उपचार संपतात, वर्ग पुढे गेलेला असतो

समजा, तुम्ही एका नाटकाचे दिग्दर्शक आहात. वर्गातल्या कोणाला कोणती भूमिका द्याल? म्होरक्या कोण, सगळ्यांना हसवणारं कोण, कोपऱ्यात एकटं बसणारं पात्र कोणाकडे? अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ कॅथरिन व्हॅनाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांपुढे हा खेळ मांडला. पाहणी होती मेंदूच्या गाठीतून वाचलेल्या २८ मुलांची, आणि भूमिका वाटणारे होते त्यांचेच वर्गमित्र. १९९८ साली निष्कर्ष छापून आले. एकटेपणाच्या भूमिका या मुलांच्या वाट्याला जास्त आल्या होत्या. ‘माझा जिवलग मित्र’ म्हणून त्यांचं नाव कमी वेळा घेतलं गेलं होतं. उपचार संपले होते, तरी वर्गाच्या लेखी ती अजून आजारी, थकलेली आणि गैरहजरच होती.

लहान मुलांच्या कर्करोगांत रक्ताच्या कर्करोगाखालोखाल मेंदूच्या गाठींचा क्रम लागतो. मेड्युलोब्लास्टोमा ही त्यातली एक नेहमी आढळणारी घातक गाठ. ती लहान मेंदूत, म्हणजे डोक्याच्या मागच्या भागात होते. शस्त्रक्रिया, मेंदू आणि मणक्याला रेडिएशन, मग केमोथेरपी असा तिच्यावरच्या उपचारांचा ठरलेला मार्ग. धोका कमी असलेल्या गटात दहांपैकी सात-आठ मुलं पाच वर्षांचा टप्पा ओलांडतात. हे यश मोठं आहे. त्याची किंमत मात्र हप्त्याहप्त्याने फेडावी लागते.

शस्त्रक्रियेनंतर साधारण चौघांतल्या एका मुलाची वाचा काही काळ बंद होते. परत येते तेव्हा बोलणं संथ आणि अडखळतं असू शकतं. सिस्प्लॅटिन या औषधाने उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. मग ‘स’, ‘फ’ अशी व्यंजनं निसटतात आणि गोंगाटातलं बोलणं अर्धंच कळतं. रेडिएशनमुळे वाढीची संप्रेरकं कमी पडली की उंची खुंटते. सातवीतलं मूल चौथीतलं वाटू लागतं आणि मोठी माणसंही त्याच्याशी तसंच बोलतात.

सर्वांत कमी दिसणारा परिणाम मेंदूच्या वेगावर होतो. मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयातल्या शॉना पामर यांच्या गटाने २००१ मध्ये दाखवलं, की मेड्युलोब्लास्टोमातून वाचलेल्या मुलांचा बुद्ध्यांक वर्षागणिक घसरतो, पण शिकलेलं पुसलं गेल्यामुळे नव्हे. मुलं नवं शिकत राहतात, फक्त समवयस्कांच्या जेमतेम निम्म्या किंवा त्याहून थोड्या अधिक वेगाने.

गणिताच्या तासाला हे लगेच लक्षात येतं. मधल्या सुट्टीत येत नाही, आणि खरी गोची तिथेच आहे. चिडवाचिडवी, कोपरखळी, खेळाचे बदलते नियम, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे सटासट येणारे मेसेज हे सगळं वेगावर चालतं. उत्तर सुचेपर्यंत विषय बदललेला असतो. वर्गातलं कोणी दुष्ट नसतं, कोणी ठरवून वाळीत टाकत नाही. मूल आपोआप मागे राहतं. पालक म्हणतात, ‘लाजाळू झालाय.’ शिक्षक म्हणतात, ‘लक्ष देत नाही.’

म्हणूनच या मुलांच्या मनःस्वास्थ्याचा प्रश्न एकट्या समुपदेशकाच्या खोलीत सुटत नाही. टोरांटोच्या सिककिड्स रुग्णालयात मारू बरेरा यांनी या मुलांसाठी सामाजिक कौशल्यांचे गटवर्ग घेऊन त्यांची रीतसर चाचणी केली. फायदा दिसला, पण माफक. मुलाला पोहायला शिकवणं एक आणि त्याच्याभोवतीचा वर्गाचा प्रवाह थोडा संथ करणं दुसरं. आजवर भर पहिल्यावर राहिला आहे.

मूल मुळातच कमी मागे पडावं, याचा विचार मात्र मुंबईत उपचाराच्या टेबलापासूनच झाला, हे इथे सांगायला हवं. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. राकेश जलाली आणि सहकाऱ्यांनी २००१ ते २०१२ या काळात मेंदूत सौम्य किंवा मंद वाढणाऱ्या (लो-ग्रेड) गाठी असलेल्या २०० मुला-तरुणांमध्ये रेडिएशनच्या दोन पद्धतींची तुलना केली. साधारण निम्म्यांना नेहमीचं रेडिएशन, बाकीच्यांना गाठीच्या आकाराबरहुकूम नेमकं बेतलेलं. जगण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. पाच वर्षांनंतरचा बुद्ध्यांक आणि संप्रेरकांची स्थिती मात्र दुसऱ्या गटात सरस होती. त्याच रुग्णालयात उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी १९९१ पासून ‘एसीटी क्लिनिक’ चालतं. तिथे शरीराच्या तपासण्यांबरोबर शाळा, नोकरी, लग्न हेही विषय निघतात.

पण क्लिनिक परळला आणि शाळा गावाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत मेंदूच्या गाठीचं नाव नाही. मुलाला अंधुक दृष्टी, श्रवणदोष, चलनवलन किंवा अध्ययन अक्षमता अशा एखाद्या खणात बसावं लागतं. प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळतो. ज्याची अडचण निव्वळ मंदावलेला वेग आणि थकवा एवढीच आहे, ते मूल अनेकदा कुठल्याच खणात बसत नाही. शिवाय घरच्यांनाही कागदावर काही नको असतं, विशेषतः मुलगी असेल तर. पुढे स्थळं येतील तेव्हा काय, हा धाक दहावीच्या आधीच घरात शिरलेला असतो. लपवलेल्या आजाराला सवलत मागता येत नाही.

अमेरिकेत १९७० नंतरच्या रुग्णांचा दशकानुदशके मागोवा घेणाऱ्या ‘चाइल्डहुड कॅन्सर सर्व्हायव्हर स्टडी’त मेंदूच्या गाठीतून वाचलेले प्रौढ नोकरी, लग्न आणि स्वतंत्र राहणं या तिन्ही बाबतींत इतर कर्करोगांतून वाचलेल्यांच्याही मागे दिसतात. याची सुरुवात मधल्या सुट्टीतच होत असेल, तर उपायही तिथून सुरू व्हायला हवेत. रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डासोबत शाळेसाठी एक पान जावं: मुलाला पुढच्या बाकावर बसवा, सूचना एकेक करून द्या, फळ्यावरचं लिहून घेण्याऐवजी छापील कागद द्या, गटातल्या कामात त्याला ठरलेली जबाबदारी द्या आणि दोन-तीन वर्षांनी त्याच्या शिकण्याची चाचणी पुन्हा करून घ्या, कारण पहिल्या वर्षी ठीक असलेलं मूल पाचव्या वर्षी मागे पडलेलं असू शकतं. यातल्या बहुतेक गोष्टींना शाळेला पैसे लागत नाहीत. मुख्याध्यापकांच्या टेबलावर ते पान वेळेत पोचावं लागतं.