हात लावू नकोस!

घरातल्या मोठ्या माणसांच्या तोंडी अधिकात अधिक वेळा येणारे वाक्य कोणते, याची मोजदाद कोणी केली तर पहिला मान 'हात लावू नकोस' यालाच मिळेल. घरात त्याला कारण असते. दूध उकळत असते, कपबशी फुटणारी असते. पण दोन वर्षांच्या मुलाला घेऊन आपण टेकडीवर जातो, तेथेही हे वाक्य आपल्या मागोमाग चढून येते. तेथे ते उच्चारताना मात्र मन अडखळते. ज्याला हात लावायचा नाही, त्याच्याशी नाते जुळायचे तरी कसे?

आपण कोठेतरी पोहोचण्यासाठी चालतो. मूल थांबण्यासाठी चालते. माझी नात दहा पावलांत चार वेळा खाली बसते आणि जे दिसेल त्याला आधी बोट लावते. लाजाळूची पाने मिटली की तिला ती जादू वाटते. खरे पाहता देठाच्या बुडाशी असलेल्या फुगीर भागातले पाणी सरकते आणि पान कलते. ते पुन्हा उघडायला काही मिनिटे जातात, आणि तेवढा वेळ त्याला ऊन पुरते मिळत नाही. म्हणजे तिच्या हसण्याची किंमत त्या रोपट्याने थोडीशी मोजलेली असते. शेजारीच तेरडा असतो. आश्विनात पिकलेल्या त्याच्या शेंगेला बोट लागताच ती फुटते आणि बिया चहूकडे उडतात. येथे झाडाचे काहीच बिघडत नाही. उलट त्याचे काम होते. आणि पावसाच्या आरंभी दिसणारा तो लाल मखमली मृगाचा किडा? तो चिमुकल्या चिमटीत सापडला, तर जिवालाच मुकतो.

बोट एकच, कुतूहलही एकच. पण एकाचे थोडे नुकसान, दुसऱ्याचा लाभ, तिसऱ्याचा मृत्यू. मग मुलाला शिकवायचे काय?

रेचेल कार्सन या अमेरिकन लेखिकेने 1956 साली लिहिलेल्या एका निबंधात, मुलाच्या बाबतीत जाणण्याहून अनुभवणे मोलाचे, असे म्हटले आहे. आपल्याकडे 1945 साली बोर्डीला काम सुरू करणाऱ्या ताराबाई मोडकांनी पाने, खडे, शिंपले यांनाच शिक्षणाची साधने केले. दोघींचे म्हणणे मला पटते. पण कासचे पठारही मला आठवते. 2012 साली पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारशात गेले, लोक लोटले, फुले तुडवली जाऊ लागली आणि येणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली. तेथे येणारा प्रत्येक जण फुलांच्या प्रेमानेच आलेला होता. तेव्हा प्रेम पुरेसे नाही, हेही खरे.

कोणी म्हणेल, आधी दया शिकवा आणि मग रानात न्या. मला हा क्रम उलटा वाटतो. ज्याची ओळख नाही त्याची दया येत नाही. फार तर भीती वाटते. बंद खोलीत वाढलेल्या मुलाच्या हातून किडा मरणार नाही हे कबूल. पण पुढे सारे रान तोडले गेले तरी त्याला चुटपुट लागणार नाही.

म्हणून 'नको' याऐवजी मी 'हळू' हा शब्द निवडतो. मराठीत तो पावलालाही लागतो आणि हातालाही. हळू चाल म्हणजे दिसेल, हळू धर म्हणजे जगेल. हा शब्द शिकता शिकता एखादा जीव जाईलही. त्याचे समर्थन मला करता येत नाही. आपल्या मुलाच्या शिक्षणासाठी मुंगीने मरावे, असा करार मुंगीने कधी केलेला नाही. पण ते ऋण मुलाच्या माथी मारू नये. ते त्याला रानात नेणाऱ्या मोठ्यांचे आहे, आणि ते फेडायचे तर मुलाजवळ बसावे लागते. बसायला वेळ नसतो, म्हणूनच तर आपण 'हात लावू नकोस' म्हणून मोकळे होतो.