मिठासाठी राखलेली जागा

उद्याचे नगर कसे असावे, याचे चित्र प्रत्येक पिढी रेखाटीत आली आहे. आज त्या भूमीवर राहणाऱ्या माणसाला त्या चित्रात जागा असते काय, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

नवी मुंबईचेच पाहा. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकातून तिची कल्पना मांडली. मुंबईवरचा भार हलका व्हावा, हा हेतू उदात्तच होता. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. त्या गावांत भातशेती होती, मिठागरे होती. जानेवारी १९८४ मध्ये योग्य मोबदला मागणारे पाच शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले.

आपल्या मीरा-भाईंदरला असा कोणी नावाजलेला स्वप्नद्रष्टाही लाभला नाही. १९८५ मध्ये नगरपरिषद झाली. १९९१ ची पावणेदोन लाखांची वस्ती २०११ मध्ये आठ लाखांवर गेली.

अशा वेळी यहेज्केल संदेष्ट्याची आठवण होते. यरुशलेम उद्ध्वस्त झालेले, तो बाबिलोनच्या बंदिवासात. आणि तरीही भावी मंदिराची व नगराची मापे तो काटेकोरपणे नोंदवितो. मला मोह पडतो तो त्यातील एका लहानशा तपशिलाचा. मंदिरातून निघालेली नदी खारट समुद्राचे पाणी गोडे करते, किनाऱ्यावर कोळी जाळी पसरतात. दलदलीच्या जागा मात्र तशाच खाऱ्या राहतात, मिठासाठी! एवढ्या दिव्य दृष्टान्तातही ताटातले मीठ कोठून येणार, याची काळजी आहे. बोंबील वाळवण्याची जागा म्हणजे पडीक जमीन नव्हे, हे उत्तनच्या आपल्या कोळी बांधवांना कोणी सांगावे लागत नाही.

परंतु त्याच अध्यायाचा शेवट आपल्याला अवघड जाणारा आहे. वतनाची वाटणी करताना, येऊन राहिलेल्या आणि तेथेच मुलेबाळे झालेल्या परक्यांनाही स्वकीयांइतकाच वाटा द्यावा, अशी तेथे आज्ञा आहे. मीरा रोडच्या चौथ्या मजल्यावर कर्ज काढून राहणारे कुटुंब या आज्ञेतून वगळता येईल काय? ‘हे लोक आले आणि आपला गाव गेला’, हे वाक्य आपल्या बैठकींत सहज उच्चारले जाते. ते ऐकताना मला हा अध्याय आठवतो. मग त्या कुटुंबातील मुलांच्या खेळाचे मैदान कोणत्या मिठागरावर आखायचे, हा हिशेब काही केल्या जुळत नाही.