घडविलेला शब्द आणि अर्थाचा धर्म

थट्टेने किंवा गरजेपोटी घडविलेल्या, कोणत्याही कोशात नसलेल्या शब्दाला अर्थ कोठून येतो, हा प्रश्न भारतीय दर्शनांत फार जुना आहे. मीमांसकांच्या मते शब्द व अर्थ यांचा संबंध नित्य, म्हणजे कोणीही न निर्मिलेला आहे. नैयायिक मात्र तो संकेतावर, म्हणजे ‘या शब्दाने हा अर्थ समजावा’ अशा इच्छेवर उभा असल्याचे मानतात, आणि ही इच्छा प्राचीनांनी ईश्वराची ठरविली असली तरी नव्यांनी तेथे माणसाच्या इच्छेलाही स्थान दिले. पतंजलीने महाभाष्यात जाती, गुण व क्रिया सांगणाऱ्या शब्दांच्या जोडीला यदृच्छाशब्दांचा, म्हणजे बोलणाऱ्याच्या मर्जीने ठेवलेल्या शब्दांचा, चौथा वर्ग सांगितला. ‘डित्थ’ व ‘डवित्थ’ ही त्याची शास्त्रपरंपरेतील ठरलेली उदाहरणे होत.

असे मर्जीने घडविलेले शब्द रोजच्या बोलण्यातील नादखेळांतूनही जन्मतात. पूर्व युरोपातील यहुद्यांची, जर्मन घाटाची पण हिब्रू लिपीत लिहिली जाणारी यिद्दिश भाषा अशा नादखेळांसाठी ओळखली जाते. तिच्यातील ‘श्म’ने सुरू होणारा जोडशब्द मूळ वस्तूला हिणवतो, तर मराठीतील ‘चहाबिहा’मधला ‘बि’ बहुधा त्या वस्तूच्या सोबतीच्या वस्तू गोळा करतो. म्हणजे निरर्थक वाटणारे अक्षरही समाजाच्या संमतीने अर्थवान होते.

परंतु संमती कोणाची, हा खरा नैतिक प्रश्न आहे. मराठी व्यापाऱ्यांच्या नंदभाषेत, म्हणजे सौद्याच्या सांकेतिक बोलीत, केवली म्हणजे एक, उधानू म्हणजे तीन, मुळू म्हणजे पाच आणि अंगुळू म्हणजे दहा. समोरच्या गिऱ्हाइकाला भाव कळू नये, हाच तिचा हेतू. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर यांच्या नावावरील एका अभंगात मात्र हेच आकडे पाच मुखांच्या, तीन नेत्रांच्या आणि दहा हातांच्या शिवाचे वर्णन करतात, आणि दुकानात लपविण्यासाठी योजलेला शब्द भक्तीत सर्वांसाठी उघडा होतो.

यवतमाळ जिल्ह्यातील आर्णीसारख्या बाजाराच्या गावी लपविणाऱ्या आणि उघड्या शब्दांमधला हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण या मुलखात वऱ्हाडी, बंजारा समाजाची गोरमाटी, कोलामी आणि उर्दू अशा अनेक बोली शेजारी नांदतात. तेथील दर्ग्याचे बाबा कंबलपोष यांच्या नावातच संस्कृतातून आलेले ‘कंबल’ आणि फारसी ‘पोश’, म्हणजे पांघरणारा, एकत्र आले आहेत; हा सरमिसळ शब्द भाविकांना परका वाटत नाही, कारण तो कोणालाही वगळत नाही.

म्हणून घडविलेल्या शब्दाची शुद्धता त्याच्या व्युत्पत्तीवर किंवा जुनेपणावर ठरू नये. जो शब्द ऐकणाऱ्याला फसविण्यासाठी योजला जातो तो दोषी होय, आणि जो त्याला अर्थात सहभागी करून घेतो तो कालच जन्मला असला तरी साधुशब्दच मानला पाहिजे.