औषध कोणाला?

१९९४च्या सप्टेंबरमध्ये सुरतेच्या दुकानांतलं टेट्रासायक्लिन संपलं. तापीचा पूर ओसरला होता, वेड रोडच्या वस्तीत फुफ्फुसाच्या प्लेगची बातमी उठली आणि काही दिवसांत लाखो माणसं शहर सोडून गेली. खानदेशाकडच्या गाड्या कामगारांनी भरून गेल्या. सुरतेत पन्नासेक माणसं दगावली. प्लेगच्या रोग्याला हे औषध वेळेवर मिळालं तर जीव वाचतो. पण त्या आठवड्यात ते निरोगी माणसांनीही गिळलं आणि साधा खोकला झालेल्यांनीही. खोकला कोणता घातक आणि कोणता आपोआप जाणारा, हे ओळखायचं कसं? सर्दीबद्दलचा माणसाचा सगळा विचार अखेर याच प्रश्नापाशी येतो.

तिथवर यायला फार काळ लागला. सुश्रुतसंहितेत प्रतिश्यायाचे, म्हणजे सर्दीचे, पाच प्रकार आहेत आणि कच्ची सर्दी व पिकलेली सर्दी यांचे उपचारही वेगळे सांगितले आहेत. आपल्या घरांतही ‘सर्दी पिकली, आता जाईल’ असं म्हणत आजी आल्याचा काढा नि ओव्याची पुरचुंडी पुढे करायची. दोष मात्र गारठ्याला. भिजलास, म्हणून शिंकतोस.

१९१४ साली जर्मनीत वाल्टर क्रुझे यांनी सर्दी झालेल्या माणसाच्या नाकातला स्राव जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला आणि निरोगी माणसांच्या नाकात थेंब टाकले. त्यांतल्या काहींना सर्दी झाली. म्हणजे कारण जिवाणूहून लहान होतं. १९४६मध्ये इंग्लंडात सॅलिसबरीला खास सर्दीच्या अभ्यासासाठी केंद्र निघालं. तिथे स्वयंसेवकांना ओल्या कपड्यांत वाऱ्यात उभं केलं, पण नुसत्या गारठ्याने सर्दी झाली नाही. १९५६मध्ये पहिला ऱ्हायनोव्हायरस हाती लागला. आज त्याचे दीडशेहून अधिक प्रकार ठाऊक आहेत, म्हणूनच सर्दी पुन्हा पुन्हा होते आणि तिची लस निघत नाही. तरी आजीचं म्हणणं पुरतं खोडलं गेलं नाही. २००५मध्ये कार्डिफला पाय गार पाण्यात बुडवून बसलेल्यांपैकी अधिक जणांना पुढच्या चार-पाच दिवसांत सर्दीची लक्षणं दिसली. बहुधा विषाणू आधीच नाकात असतो आणि गारठा त्याला वाव देतो.

गोंधळ वाढला तो प्रतिजैविकांनी. १९५४मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पेनिसिलिन देशात बनू लागलं आणि असंख्य जीव वाचले. पण जे औषध न्यूमोनिया बरा करतं ते सर्दी का नाही करणार, असा समज त्यासोबत रुजला. विषाणूवर त्याचा काही परिणाम होत नाही. शेंबूड हिरवा झाला की ‘इन्फेक्शन वाढलं’ म्हणतात; तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो. सर्दी पिकली म्हणणारी आजी इथे गोळी मागणाऱ्या नातवापेक्षा बरोबर होती. २०१४पासून अनेक प्रतिजैविकं चिठ्ठीशिवाय न विकण्याचा आणि विक्रीची नोंद ठेवण्याचा नियम कडक झाला. तरी गोळ्या मिळतातच.

खरी वाट दाखवली ती मला वाटतं गडचिरोलीने. तिथे लहान मुलं न्यूमोनियाने मरत होती आणि गावात ना डॉक्टर, ना एक्स-रे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच माणसांना मुलाचा श्वास मोजायला शिकवलं. ज्यांना आकडे येत नव्हते त्या दायांसाठी मणी सरकवून मोजायचं साधन केलं. श्वास ठरावीक मर्यादेपलीकडे धावला तर को-ट्रायमॉक्सॅझोल हे प्रतिजैविक, नाहीतर घरगुती काळजी. न्यूमोनिया झालेल्या मुलांत मृत्यूचं प्रमाण १३.५ टक्के असायचं. उपचार मिळालेल्यांत ते ०.८ टक्क्यांवर आलं. १९९०मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. औषध स्वस्त होतं, जुनंच होतं. नवं होतं ते निवडणं. ज्याला हवं त्याला त्याच दिवशी, ज्याला नको त्याला अजिबात नाही.

सुरतेत हे निवडणं का रुजत नाही? लिंबायत-उधन्यातल्या मागावर बारा तासांची पाळी, मजुरी मीटरवर. खाडा पडला की पैसे गेले. सर्दी सात ते दहा दिवस चालते, खोकला दोन-तीन आठवडेही रेंगाळतो, हे तिथल्या कामगाराला सांगून काय उपयोग? तो डॉक्टरकडे ‘उद्या कामावर उभं राहता येईल असं काहीतरी द्या’ म्हणून जातो आणि सुई घेऊन येतो. याला मी अडाणीपणा म्हणणार नाही. आजाराची दोन दिवस पगारी रजा मिळाली तर निम्म्या गोळ्या विकल्याच जाणार नाहीत, असं माझं ठाम मत आहे, आणि कारखानदारांनी, पालिकेने यावर बोललं पाहिजे.

तोवर घरात एवढं कराच. मोठ्यांना विश्रांती, गरम पाणी, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. वर्षावरच्या मुलाला रात्री चमचाभर मध, त्याहून लहानाला मध नाही. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर लहान मुलाला वाफ देऊ नका, भाजण्याचे अपघात होतात. आणि मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याचा श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांच्या आत ४० किंवा त्याहून जास्त भरले, छाती आत ओढली जात असेल, किंवा मूल दूध पीत नसेल, तर सकाळची वाट न पाहता दवाखान्यात न्या.