विद्यादान आणि कब्जा

आपले स्वत्व निवृत्त करून त्या वस्तूवर दुसऱ्याचे स्वत्व उत्पन्न करणे, अशी दानाची व्याख्या आपल्या शास्त्रकारांनी केली आहे. गाय दिली की दात्याचा गोठा रिता होतो, जमीन दिली की दप्तरी नाव फिरते. विद्या मात्र दिल्यानंतरही दात्यापाशी पूर्णच उरते. मग विद्यादानात निवृत्त व्हावयाचे ते काय, हा प्रश्न सालेकसा किंवा देवरी तहसिलीतील मुलांसाठी संगणकावर पाठ रचावयास बसलेल्या शिक्षकापुढे, साधनांच्या निवडीच्या रूपाने, आज प्रत्यक्ष उभा आहे.

माझ्या मते, निवृत्त व्हावयाचा तो ताबा. जो पाठ एकाच कंपनीच्या प्रणालीत उघडतो आणि ज्यात पुढचा शिक्षक एक अक्षरही दुरुस्त करू शकत नाही, तो दिला खरा, परंतु त्याचा कब्जा दिला नाही. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार काढून घेतला गेला, तेव्हा त्यावर रचलेले असंख्य पाठ, त्यांतील ज्ञानात तिळमात्र चूक नसताना, मुके झाले.

याउलट, पाठ व त्याची अनुक्रमणिका एका गाठोड्यात बांधून ते कोणत्याही शिक्षणप्रणालीला उलगडता यावे असा करार करणारे स्कॉर्म, ब्राउझरमध्ये चालणारे सराव मुक्तपणे रचू देणारे एच-फाइव्ह-पी, किंवा २००२ पासून मुक्त परवान्याखाली वाढलेले मूडल, यांच्या मुळाशी ताबा सोडण्याचीच वृत्ती आहे.

लिपीच्या बाबतीत तर ही वृत्ती अस्तित्वाचाच प्रश्न ठरते. शेजारच्या बालाघाटच्या मुनशी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली गोंडीसाठी रचलेल्या लिपीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते २०१७ साली. त्यामुळे कचारगडच्या यात्रेला येणाऱ्या गोंड कुटुंबातील मुलाला त्या लिपीतील पाठ कोणा एकाच्या खाजगी फाँटवर अवलंबून न राहता वाचता येण्याची वाट मोकळी झाली.

शिक्षकाला वेळ थोडा, वीज अनिश्चित, तेव्हा हाताशी येईल ते साधन त्याने का घेऊ नये, हा आक्षेप मी हलका मानीत नाही. साधन विकतचे असण्यातही दोष नाही; पाठाची मूळ प्रत खुल्या स्वरूपात, दुरुस्तीच्या लेखी मुभेसह, मागे ठेवली म्हणजे धर्म पाळला गेला.

आमच्या भागातील माजी मालगुजारी, म्हणजेच मामा, तलावांनी हेच शिकविले आहे. मालगुजारी खालसा झाली, मालगुजार गेले. परंतु पाळ मातीची होती, आणि माती कशी घालावी हे गावातील प्रत्येक हाताला ठाऊक होते, म्हणून ज्या गावाने ती राखली तेथे पाणी आजही धानाच्या बांधीत उतरते.