साथीला कीबोर्ड

मार्च १९४०मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला आपल्या स्टुडिओतून बाहेर काढले. तिचे स्वर ठाम, तिच्यातून मींड निघत नाही, श्रुतींना तिच्यात जागा नाही आणि वर ती परदेशी, असे आक्षेप होते. रवींद्रनाथ टागोरांचाही या बंदीला पाठिंबा होता. ती सैल व्हायला १९७१ उजाडले. मधली तीस वर्षे महाराष्ट्रातल्या भजनात, कीर्तनात आणि संगीत बारीत पेटी वाजतच होती. आज आपला गायक स्वतःच्या गळ्याची उंचीसुद्धा तिच्याच पट्ट्यांवर सांगतो : काळी दोन, पांढरी चार.

सिंथेसायझर वाजवणारे आज हाच दाखला देतात. पेटीला घरात घेतलेत, मग आम्ही उंबऱ्याबाहेर का? मला हा प्रश्न रास्त वाटतो. मात्र पेटी नुसती काळ लोटला म्हणून आत आली नाही. गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकांनी गवयांच्या सहवासात राहून त्यांची गायकी कानात साठवली, कुठे भरायचे आणि कुठे थांबायचे हे ओळखले, आणि मग पट्ट्यांवर बोटे ठेवली. बैठकीने मान दिला तो या ऐकण्याला.

स्वरांचा आक्षेप तर सिंथेसायझर पेटीपेक्षा चांगला परतवू शकतो. सप्तकाचे बारा सारखे भाग पाडले की शुद्ध गंधार स्वरांतराच्या मापात ४०० सेंटवर येतो. तंबोऱ्यातून ऐकू येणारा गंधार ३८६च्या आसपास असतो. हा फरक जाणत्या कानाला बोचतो. पेटीचे सूर घासून एका षड्जापुरते जुळवता येतात, षड्ज बदलला की पुन्हा तीच अडचण. अनेक सिंथेसायझरांत मात्र प्रत्येक स्वर हवा तसा चढवता-उतरवता येतो, आणि डाव्या हाताच्या चाकाने मींडही घेता येते. अभिजित पोहनकर हिंदुस्थानी संगीत आणि के. सत्यनारायणन कर्नाटक संगीत कीबोर्डवर मांडतात, ते याच बळावर. त्या चाकाला रियाज लागतो. तो न करता सूर हेलकावले, तर समोरचा गवई तोंड फिरवणारच.

विजेचे म्हणाल तर तिचे वावडे कुणालाच नाही. बेंगळुरूच्या रॅडेलचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा मोठमोठ्या गवयांच्या मागे वाजला. तो मागे राहतो, कुणाच्या पुढे जात नाही.

खरे दुखणे पोटाचे आहे आणि त्यावर आपण फार कमी बोलतो. कीबोर्डच्या पोटात ढोलकी, तबला, बासरी, सनई असे दुसऱ्यांचे आवाज भरलेले असतात. भारतातल्या ग्राहकासाठी काढलेल्या यामाहा आणि कॅसिओच्या मॉडेलांत तर देशी ताल तयारच मिळतात. ‘नागिन’ या चित्रपटात १९५४ साली कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन या विजेच्या कीबोर्डवर वाजवलेली बीन लोकांनी खरी मानली. त्या वादनातली कल्पकता मला थोर वाटते, पण तिथे पुंगीवाल्याची गरज उरली नाही, हेही खरे. जागरण-गोंधळाच्या सुपारीत हाच हिशेब उघडावाघडा होतो. एक कीबोर्ड आणि एक पॅड आणले की यजमान विचारतो, संबळ आणि तुणतुणे कशाला हवे? अशा वेळी गोंधळ्याने कपाळाला आठी घातली, तर त्याला परंपरेचा हट्टी म्हणणे अन्याय आहे. पेटी बैठकीत स्थिरावली तेव्हा सारंगी मागे पडली. ते नुकसान अजून भरून निघालेले नाही.

मुंबईच्या मिरवणुकांतला बेंजो याउलट वाटेने गेला. मूळचा तो जपानचा ताइशोगोतो, १९१२मध्ये नागोयात जन्मलेला, आपल्याकडे बुलबुलतरंग. त्यालाही बटणेच आहेत. पण तो कुणाचा आवाज काढत नव्हता. ढोल-ताशांच्या गजरात त्याने स्वतःचा तिखट सूर लावला आणि कोळीगीतांची चाल त्याचीच होऊन गेली.

नुसता स्वतःचा आवाजही पुरत नाही. सिंथेसायझरवादक चरणजित सिंग यांनी १९८२मध्ये रोलँडच्या तीन यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवून तबकडी काढली. सतारीची नक्कल नाही, सनईची नाही. यंत्राचा निखळ आवाज. त्या तबकडीची थोरवी जगाला कळली ती २०१०मध्ये ती पुन्हा निघाल्यावर. यंत्राच्या नादातला राग त्यांना दिसला होता, पण शेजारी ‘क्या बात है’ म्हणणारा साथीदार नव्हता.

म्हणून कीबोर्डवाल्याकडे माझे मागणे आहे. संबळवाला शेजारी बसलेला असताना आपल्या यंत्रातला ठेका बंद ठेवा. सुपारी ठरवताना माणसे कमी चालतील, असे यजमानाला सुचवू नका. उभ्या स्टँडवरून खाली या, बाकीच्यांच्या ओळीत बसा आणि आवाजाची कळ तुणतुणे ऐकू येईल इतपतच फिरवा. गोंधळी मंडळींकडेही मागणे आहे. जो एवढे करील त्याला फक्त गाण्यापुरता बोलावू नका. गणापासून आरतीपर्यंत रात्रभर बसवा, आख्यानात चाल कुठे बदलते ते दाखवा, चुकला तर सर्वांदेखत टोका, आणि सकाळी बिदागी वाटताना त्याचा वाटा बाकीच्यांइतकाच ठेवा.