खुर्चीवरचा सजदा



खुब्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया आता आपल्या कुटुंबांना अनोळखी राहिलेली नाही. इंग्लंडमधील शल्यविशारद जॉन चार्न्ली यांनी १९६२ साली तिला आजचे रूप दिले. मांडीच्या हाडाचा झिजलेला गोल माथा काढून तेथे धातूचा किंवा सिरॅमिकचा गोळा बसवतात आणि खोबणीत नवी वाटी बसवतात. बहुतेक रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे राहतात. घरी आल्यावर मात्र एक वेगळाच प्रश्न उभा राहतो आणि तो डॉक्टरांकडे न जाता मशिदीच्या इमामाकडे येतो : 'मौलाना, खुर्चीवर बसून नुसती मान झुकवली, तर तो सजदा होतो का?'

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या आवाजात शंकेपेक्षा शरम अधिक असते. ज्याचे कपाळ पन्नास-साठ वर्षे जमिनीला टेकत आले, त्याला आपली इबादत अपुरी झाल्यासारखे वाटते. काही जण तर घरच्यांची नजर चुकवून जमिनीवर उतरतात. यातील धोका समजून घेतला पाहिजे. सजद्यात आणि जमिनीवरील बैठकीत खुबा काटकोनापेक्षा बराच अधिक दुमडतो. शस्त्रक्रियेत उघडलेले स्नायू व सांध्याभोवतीचे आवरण अद्याप जुळून आलेले नसते. अशा वेळी गोळा वाटीतून निखळू शकतो आणि प्रसंगी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणूनच अनेक डॉक्टर साधारण सहा ते बारा आठवडे जास्त वाकू नका, पायावर पाय टाकू नका, पाय आत वळवू नका, असे बजावतात. शस्त्रक्रिया कोणत्या बाजूने केली आहे, यावर हे निर्बंध अवलंबून असतात.

आता खरा प्रश्न असा की, हा धोका पत्करणे म्हणजे भक्ती आहे काय? जितका त्रास अधिक तितके पुण्य अधिक, ही समजूत आपल्या मनात खोल रुजलेली आहे. तिच्यात सत्याचा अंश आहे. आज्ञा पाळताना जो त्रास वाट्याला येतो, त्याचा मोबदला अल्लाहकडे आहे. परंतु जेथे आज्ञेनेच सूट दिली आहे, तेथे त्रास ओढवून घेणारा नेमकी कोणाची आज्ञा पाळतो? रोजाच्या आदेशासोबतच आजारी आणि प्रवासी यांना दिलेली सवलत पवित्र कुरआनात आली आहे आणि अल्लाह तुमच्यासाठी सुलभता इच्छितो, असा खुलासाही तेथेच केला आहे. आदेश ज्याचा, सवलतही त्याचीच. त्यांपैकी एक स्वीकारून दुसरी नाकारण्याचा अधिकार दासाला नाही.

हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांना मूळव्याधीचा त्रास होता. नमाज कशी अदा करावी, असे त्यांनी विचारले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना उभे राहून, ते न जमल्यास बसून आणि तेही न जमल्यास कुशीवर पडून नमाज अदा करण्यास सांगितले. या उत्तरात प्रत्येक पायरीवर क्षमता पाहिली आहे. स्वतः प्रेषित (स.) एकदा घोड्यावरून पडले व त्यांच्या उजव्या बाजूस खरचटले, तेव्हा भेटीस आलेल्या सहाबांसमोर त्यांनी बसून नमाज अदा केली. ज्यांच्या सजद्याहून श्रेष्ठ सजदा कोणाचा नाही, त्यांना लोकांदेखत बसून नमाज अदा करण्यात कमीपणा वाटला नाही. मग आपल्याला का वाटावा?

थोडे आत डोकावले तर उत्तर सापडते. अनेकदा आपल्याला दुःख सजद्याचे नसते. 'मी कधी खुर्चीवर बसलो नाही' या आपल्या जुन्या प्रतिमेचे ते दुःख असते. सजदा म्हणजे अल्लाहपुढे आपला 'मी' खाली ठेवणे. ज्या दिवशी गुडघे दुमडत नाहीत, त्या दिवशी 'मी' दुमडणे एवढेच उरते आणि ते अधिक अवघड आहे.

तथापि, सवलत म्हणजे सोडचिठ्ठी नव्हे. ती गरजेपुरतीच असते आणि शरीर सावरत जाईल तशी आक्रसत जाते. तिच्या तपशिलात मतभेदही आहेत. जो उभा राहू शकतो पण सजदा करू शकत नाही, त्याच्यावर हनफी मतानुसार उभे राहण्याची सक्ती राहत नाही; तो बसून इशाऱ्याने नमाज अदा करू शकतो. शाफई मतानुसार मात्र जितके उभे राहता येते तितका कियाम आवश्यकच राहतो. कोकणातील आपले बहुसंख्य बांधव शाफई आहेत. म्हणून एका घरातील पद्धत पाहून दुसऱ्याला नावे ठेवू नयेत, आपल्या आलिमांना विचारावे. इशाऱ्यात सजद्यासाठी मान रुकूपेक्षा अधिक झुकवावी. कपाळाला लावण्यासाठी उशी किंवा पाट वर उचलू नये. खुर्ची उंच असावी, गुडघे खुब्यापेक्षा वर जाऊ नयेत. मानेचा इशारा पुरेसा आहे, कमरेतून पुढे वाकण्याची गरज नाही.

वुजूच्या वेळी पाय धुण्यासाठी वाकता येत नाही, मुलाला किंवा सुनेला हाक मारावी लागते. यातही शरम नको. एका प्रवासात हजरत मुगीरा बिन शुअबा (रजि.) यांनी प्रेषितांच्या (स.) वुजूसाठी पाणी ओतले होते आणि त्यांनी ती सेवा स्वीकारली होती. त्याच प्रसंगी त्यांनी चामडी मोज्यांवर मसह केला. पूर्ण वुजूनंतर घातलेल्या अशा मोज्यांवर घरी असणाऱ्याला एक दिवस-रात्र मसह करता येतो. खुब्याच्या रुग्णाला ही सवलत किती उपयोगाची आहे! सेवा घेणे हीसुद्धा एक नम्रता आहे. त्यामुळे मुलांना आईवडिलांपुढे विनयाने झुकण्याच्या कुरआनी आज्ञेचे पालन करण्याची संधी मिळते.

शेवटी एक गोष्ट रुग्णाच्या आसपास वावरणाऱ्यांसाठी. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात एक प्रसंग आहे. एका प्रवासात एका माणसाच्या डोक्याला जखम झाली. त्याला स्नानाची गरज पडली. तयम्मुमची सवलत आहे का, असे त्याने विचारले. सोबत्यांनी नाही म्हटले. त्याने स्नान केले व तो दगावला. हे कळताच प्रेषितांनी (स.) त्या सोबत्यांची अत्यंत कठोर शब्दांत निर्भर्त्सना केली व त्याच्या मृत्यूला त्यांनाच जबाबदार धरले. भेटीस येऊन 'आमचे अब्बा तर ऑपरेशननंतरही जमिनीवरच नमाज अदा करायचे' असे सहज बोलून जाणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. आपले एक वाक्य रात्रीच्या अंधारात एखाद्या वृद्धाला खुर्चीवरून खाली उतरवू शकते.

आणि ज्यांचे मन अजूनही खट्टू आहे, त्यांच्यासाठी ही खुशखबर : दास आजारी पडला किंवा प्रवासास निघाला, तर निरोगी असताना व घरी असताना तो जे सत्कर्म करीत असे, तेच त्याच्या नावे लिहिले जाते, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. वाचकहो, आपले जमिनीवरील सजदे थांबले असले, तरी त्यांची नोंद थांबलेली नाही. खुर्ची निःसंकोच ओढून घ्या आणि तकबीर म्हणा. अल्लाह सर्व रुग्णांना पूर्ण आरोग्य देवो. आमीन.